विमानाच्या पत्र्याची पेटी

या, अशा पुढं सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीही या, आवाज माझा बारीक आहे. आज एका चोरीची कथा सांगतो. पेटी बंद, रिपिटा जागच्या जागी, आणि आतलं धन गायब. माणसं साक्ष द्यायला घाबरली, तेव्हा साक्ष दिली धातूच्या एका टिकलीनं. ऐका तर मग, पांडुरंगाचं नाव घेऊन.

१

दुसरी मोठी लढाई संपून पाचेक महिने झाले होते. देऊळघाटच्या मठात पौषातला सप्ताह चालला होता आणि सोमवारी काला होता.

पहाटेपासून सुभद्राबाई मठाच्या चुलीपाशी होत्या. वय साठीच्या पलीकडचं, पण दोनशे पानांची पंगत त्यांच्या शब्दावर उठायची-बसायची. संक्रांत तोंडावर होती म्हणून काल्याच्या प्रसादात तिळाचे लाडू. गुळाच्या पाकात तीळ पडले की बाई बायकांवर ओरडायच्या, "हात चालवा गं! पाक बसला का लाडू वळत नाही, फुटते!"

पण त्या दिवशी बाईंचं अर्धं चित्त मंडपात होतं. काल्याच्या कीर्तनानंतर शालिग्रामबुवांचं बाड उघडायचं होतं.

शालिग्रामबुवा म्हणजे या मठाचा प्राण. चाळीस वर्षं त्यांनी कीर्तन केलं, आणि जे सुचलं ते रात्री समईपाशी बसून बाडात लिहिलं. दोनशे बारा पानांची ती हातवही लाकडी खोक्यात होती, तिच्या कडा वाळवीनं खाल्ल्या. दिवाळीनंतर बुवा गेले. जाताना म्हणाले, "माह्या मागं जो पहिला सप्ताह होईन, त्याच्या काल्याले बाड उघडजा, तोवर नीट जपजा."

वाळवी लागणार नाही, गंजणार नाही, अशी पेटी करून दिली रज्जाकनं. रज्जाक गावचा पत्र्याचा कारागीर. लढाईत चार वर्षं तो बंगालकडं विमानदुरुस्तीच्या शेडमध्ये होता. येताना भंगारातला विमानाचा पत्रा घेऊन आला, आणि एक पैसा न घेता त्यानं त्याची पेटी केली. झाकणावर आडवी पट्टी, आणि पट्टीच्या दोन टोकांना दोन रिपिटा. रिपीट म्हणजे टोपीचा बिनआट्याचा खिळा. आरपार घालायचा आणि दुसरं टोक ठोकून चपटं करायचं. सप्ताहाच्या पहिल्या सोमवारी सकाळी सगळ्यांदेखत त्यानं त्या ठोकल्या, आणि पेटी मठाच्या कोठीत गेली.

आता काल्याच्या दिवशी पेटी मंडपात आणली. मठाचे पंच अर्जुनराव पाटील यांनी करवतीनं पट्टी मधोमध कापली. झाकण उघडलं. भगव्या बासनाची गाठ सोडली.

आत होती दोन जुनी पंचांगं.

मृदंगावरचा हात मृदंगावरच राहिला. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बाड कुठी गेलं?"

अर्जुनराव वळले ते सरळ खांबापाशी बसलेल्या रज्जाककडं. "रिपिटा शाबूत हायेत. मंग पेटी बंद करतानाच बाड काढलं. बंद कोणं केली?"

"पाटील, सगळ्याईच्या समोर—"

"भट्टीकडं तोंड, लोकाइकडं पाठ! नाही तं काल रात्री येऊन उघडली असन. या गावात रिपीट मारता कोणाले येते, तुह्याबिगर?"

पाटलांचा गडी घोड्यावर बसून बुलढाण्याला ठाण्यावर गेला. दिवस मावळायच्या आत जमादार येणार होता.

२

रज्जाकला मठाच्या ओसरीवर बसवलं होतं. त्याची बायको नसीमा ओसरीखाली उभी होती, पदर तोंडात धरून. तिला पाहून सुभद्राबाईंनी हातातला झारा दुसरीच्या हाती दिला.

"मावशी," रज्जाक म्हणाला, "जेलची फिकर नाही. पण बुवा माह्या दुकानात बसत. त्याइचं बाड म्या खाल्लं, असं या गावानं म्हटलं तं म्या राहू कुठी?"

"रडू नको, बापू. मले एक एक सांग. सोमवारी काय केलं?"

"चार रिपिटा तापवल्या. लोखंडी डब्यात रेती, रेतीत रिपिटा, खाली कोळसा. पत्र्याच्या तुकड्यावर साबणाची रेघ मारली. रेघ काळी पडली का समजायचं, झालं. मंग सगळ्या पाण्यात. चुर्रर्र! लगेच दोन ठोकल्या. दोन जास्तीच्या होत्या, म्हटलं एखादी बिघडली तं. त्या कोठीतल्या कोनाड्यात ठेवल्या. दुपारच्या मोटारीनं संग्रामपूरले बहिणीकडं गेलो. आलो काल संध्याकाळी."

"पाण्यात टाकून थंड्या केल्या? अन् थंड्या झाल्यावर ठोकल्या? लोखंड तं पाण्यात टाकलं का कडक होते."

एवढ्या संकटातही रज्जाकच्या डोळ्यांत कारागिराची चमक आली. "हा माल उलटा हाय, मावशी. पाण्यातून काढला का मेणासारखा नरम. पण घंटाभरच. मंग काही करू नका, नुसता पडू द्या. आपल्या आपण कडक होत जाते. चार दिवसात असा का हातोडा परत येईन. शेडमध्ये आम्ही रिपिटा तापवून, पाण्यातून काढून बर्फाच्या पेटीत ठेवत होतो, म्हणजे नरम राहत. उशीर झाला का सायेब रिपीट फेकून देत."

"काऊन पण? कोणी हात लावला नाही तं कडक कशी होते?"

"म्याही हेच विचारलं होतं. सायबानं खुर्दबीन दाखवली, बारीक वस्तू मोठी दिसाची काच. घासून-पुसून चकचकीत केलेला तुकडा तिच्याखाली ठेवला तं पाहतो काय, आपल्या वावरावाणी बांध! बांधाले बांध लागून. सायेब म्हणे, ह्या ॲल्युमिनियमात थोडं तांबं हाय. आच लागली का तांबं त्याच्यात विरघळते, जशी ऊन दुधात साखर. झटक्यानं थंड केलं का तांब्याले बाहेर निघायले सवडच भेटत नाही, आहे तथीच अडकते. मंग निवांत पडल्यावर ते हळूहळू एका जागी जमते. एवढाल्या बारीक कण्या का खुर्दबिनीतही दिसत नाहीत. पण धातूचे थर एकमेकांवरून सरकायले गेले का ह्या कण्या आडव्या येतात. म्हणून कडक."

'कणी' हा शब्द सुभद्राबाईंच्या कानात अडकला. परवाच, शनिवारच्या कीर्तनात, त्यांनी तो ऐकला होता. तेव्हा डोळे भरून आले होते. का भरून आले होते, ते आत्ता आठवलं.

त्या उठल्या आणि मंडपात पेटीपाशी गेल्या.

३

पेटी कापलेल्या पट्टीसकट तशीच पडली होती. बाईंनी पदरानं हळद-कुंकू पुसलं आणि रिपिटा उन्हाकडं धरून पाहिल्या.

डावीकडची ठोकलेली बाजू मसुरीच्या दाण्यासारखी, गोल, गुळगुळीत. उजवीकडची मात्र कडेनं चिरलेली. तीन-चार बारीक चिरा, मधून बाहेर गेलेल्या.

बाईंनी हात लावून पाहिला. तिळाचे शेकडो लाडू वळलेला तो हात. पाक बसल्यावर कोणी जोर लावून लाडू दाबला की कडा अशाच फुटतात.

"अर्जुना," त्यांनी पाटलांना हाक मारली. पाटील मिशीत पांढरे असले तरी बाईंनी त्यांना झबल्यात पाहिलं होतं. "कोठीची किल्ली कोणाकोणाकडं असते?"

"एक माह्याकडं. एक टाळकरी कडूबाकडं, टाळ-मृदंग काढा-ठेवाले. काऊन?"

"कोठी उघड."

कोठीतल्या कोनाड्यात पणती होती, तुटलेली चिपळी होती, आणि एक रिपीट होती. एकच.

"रज्जाकनं दोन ठेवल्या म्हणते."

"तो काय वाट्टेल ते म्हणन, काकू!"

"तू तथी नव्हता का सोमवारी?"

अर्जुनराव घुटमळले. माणूस ताठ होता, खोटा नव्हता. "होतो. दोन ठेवल्या होत्या. म्याच म्हटलं, अथी ठेव."

"मंग एक पाय फुटून गेली का?"

पाटलांनी कोनाडा पुन्हा चाचपला. बाईंनी उरलेली रिपीट पदराच्या गाठीला बांधली. "अजून एक सांग. बाडाचं तू काय करणार होता?"

"नागपूरच्या एका शास्त्रीबुवाइकडं पाठवणार होतो, छापाले. बुवांचं नाव होईन, मठाचं होईन."

"अन् तुहं?"

"माहंही होईन, त्यात काय पाप हाय?"

"नाही. कोणी नको म्हटलं होतं का?"

"कडूबा म्हणे, पह्यले नक्कल करू द्या. म्या म्हटलं, पोथीले तुहे शाईचे बोटं लागाले नको."

४

कडूबा मठाच्या मागं, चिंचेखाली बसला होता. तिशीचा, सडपातळ, गळ्यात तुळशीची माळ. वीस वर्षं तो बुवांच्या मागं उभा राहून टाळ धरत आला, आणि बुवा गेल्यावर याच सप्ताहात, शनिवारी, पहिल्यांदा गादीवर उभा राहिला होता.

"परवाचं कीर्तन लई गोड झालं बेटा," सुभद्राबाई त्याच्याजवळ बसत म्हणाल्या.

"तुमचा आशीर्वाद, माय."

"तो तुपाचा दृष्टांत तं काळजालेच लागला. पुन्हा सांग."

कडूबानं मान वर केली नाही. पण सांगायचं म्हटल्यावर त्याचा आवाज आपोआप मोकळा झाला. "कढवलेलं तूप घाईनं थंड्या पाण्यात ठेवलं, तं थिजते, पण कणी धरत नाही. तेच चुलीजवळ, उबेले, रातभर राहू दिलं तं सकाळी रवाळ कणी. तूप तेच, भांडंही तेच. फक्त सवड दिली. तसं नाम घेतल्यावर मनाले सवड द्या..."

"वा! हे बुवांनी तुले कवा सांगितलं?"

"लहान होतो तवा. पंधरा वर्सं झाली असतीन."

सुभद्राबाईंनी डोळे मिटले. गेल्या दिवाळीच्या आधी बुवा त्यांच्याच स्वयंपाकघरात पाटावर बसले होते. बाई तूप कढवत होत्या. कणी कशी धरते ते बाईंनीच सांगितलं, तेव्हा बुवा लहान मुलासारखे हसले होते. "सुभद्रे, हे आजपर्यंत मले सुचलं नाही! आजच बाडात लिहितो." त्यानंतर आठ दिवसांत त्यांना ताप भरला. ते पुन्हा गादीवर उभे राहिले नाहीत.

तो दृष्टांत तिघांनाच ठाऊक होता: बुवांना, बाईंना आणि कागदाला.

"कडूबा," त्या हळू म्हणाल्या, "तुह्या बोटाले शाई हाय."

त्यानं हात धोतरात लपवला. मठाच्या दारात घोड्याच्या टापा वाजल्या. जमादार नव्हता, गडी परत आला होता. "जमादारसाहेब निघाले! घंटाभरात येतात!"

बाई उठल्या. कडूबाच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, क्षणभर. "मंडपात ये. मागं बसू नको, पुढं बस."

५

"मंडळी, प्रसादाले थोडा उशीर होईन," सुभद्राबाई मंडपात उभ्या राहून म्हणाल्या. चुलीपुढं राज्य करणारी बाई गादीसमोर कधी बोललेली कोणी पाहिली नव्हती. "नसीमा, घरी जाऊन रज्जाकचा रिपिटांचा डबा आण. अन् रज्जाक, भट्टी पेटव."

"काकू, ज्याच्यावर आळ त्याच्याच हाती भट्टी?" अर्जुनराव तडकले.

"भट्टी त्याच्या हाती, हातोडा तुह्या हाती. मंग तं झालं?"

लोक हसले. कोळसा फुलला, रेती तापली. साबणाची रेघ आधी पिवळी, मग तपकिरी, मग काळी झाली. रज्जाकनं डब्यातली एक रिपीट रेतीतून उचलून पाण्यात सोडली. चुर्रर्र!

"ठोक, अर्जुना."

पाटलांनी जन्मात रिपीट मारली नव्हती. तीन ठोके तिरपे पडले. पण रिपीट पेढ्यासारखी पसरली, कड गुळगुळीत.

बाईंनी पदराची गाठ सोडली. "आता ही. कोनाड्यातली. हिले रज्जाकनं मागच्या सोमवारी तापवलं होतं, त्याच भट्टीत, त्याच पाण्यात. तेव्हापासून पडून हाय. ठोक."

तोच हात, तोच हातोडा. पहिल्या ठोक्याला हातोडा उसळला. दुसऱ्याला कड पसरली. तिसऱ्याला चट्‌ असा आवाज झाला आणि ठोकलेल्या बाजूला तीन चिरा गेल्या.

पाटील वाकले. त्यांनी ती रिपीट पेटीवरच्या उजव्या रिपिटीशेजारी धरली. बराच वेळ धरून ठेवली. दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या.

"ह्या पेटीवरच्या दोन्ही रिपिटा सोमवारी ताज्या ठोकल्या, तुम्ही सगळ्याईनं पाहिल्या," बाई म्हणाल्या. "मंग एक चिरली कशी? कोणीतरी मागाहून उजवी रिपीट कापून पट्टीचं एक टोक सोडवलं, पट्टी दुसऱ्या रिपिटीभवती फिरवली, बाड काढलं, अन् कोनाड्यातली रिपीट ठोकली. दिवस मधे गेले होते. रिपीट कडक झाली होती. त्याले ते ठाऊक नव्हतं. टाळ-मृदंगाच्या गजरात ठोक्याचा आवाज कोणाले येते?"

"रज्जाकनंच काल रात्री..." मागून कोणीतरी म्हणालं.

"रज्जाकनं चार वर्सं हेच काम केलं. तो शिळी रिपीट ठोकन का? त्याच्या घरी भट्टी हाय, तो पह्यले तापवून आणन. अन् पेटी बंद करतानाच त्यानं बाड काढलं असतं, तं रिपीट चिरलीच नसती. अन् ज्या चिरेचा अर्थ गावात कोणालेच ठाऊक नव्हता, ती कोणाले फसवाले तो मुद्दाम पाडन? ही चीर त्याच माणसाची हाय, ज्याले ह्या धातूचा सोभाव माहीत नाही."

मंडपात सूड घ्यायला निघालेली माणसं एकाएकी पायाच्या नखांकडं पाहू लागली. अर्जुनरावांनी हातोडा खाली ठेवला. "मंग कोण? किल्ल्या तं दोघाइकडंच."

"ते म्या नाही सांगणार. शनिवारी ह्या गादीवरून एक दृष्टांत झाला. तूप तेच, भांडं तेच, फक्त सवड दिली. तो दृष्टांत बुवांनी बाडाबिगर कुठीच सांगितला नव्हता, हे मले ठाऊक हाय. तो माह्याच चुलीवरचा हाय. ज्यानं तो वाचला, त्यानं चोरीसाठी वाचला नाही, हेही मले ठाऊक हाय. त्याले म्या सवड दिली. जमादार येईपर्यंतची."

दूर वाटेवर दुसऱ्या घोड्याची धूळ दिसू लागली.

पुढच्या रांगेतून कडूबा उठला. तो गादीपाशी गेला नाही. तो ओसरीवर गेला, भट्टी विझवून तिथं परतलेल्या रज्जाकच्या पायाशी बसला, आणि तिथूनच बोलला.

"गुरुवारी काढलं म्या. नागपूरले गेलं तं परत येणार नाही वाटलं. नक्कल करून रविवारी ठेवणार होतो. पण रिपीट चिरली तवा घाबरलो. पुन्हा खोलली तं एकच उरली, तीही चिरन. अन् नक्कल एकशेचाळीस पानांवरच आली. सकाळी तुह्यावर आळ आला, रज्जाकभाई, तवा उठणार होतो. जीभच उठली नाही. बाड कोठीतल्या जुन्या मृदंगाच्या खोळीत हाय. मले नेऊ द्या जमादाराले."

रज्जाकनं त्याच्या माळेकडं पाहिलं.

"येड्या," तो शेवटी म्हणाला, "मले सांगितलं असतं तं रिपीट तापवून देली असती की बे. बुवांचं बाड दोन ठिकाणी असावं, हे मलेही पटते. पण सकाळी तू गप्प राह्यला, ते मले लागलं. ते जायले दिवस लागतीन. ते जाईन, पण आज जाईन असं म्हणू नको."

"नाही म्हणत," कडूबा रडत म्हणाला.

अर्जुनराव उठले. आत गेले. खोळीतून बाड काढलं, कपाळाला लावलं, आणि परत येऊन, सगळ्या गावादेखत, रज्जाकला धरून ओसरीवरून मंडपात आणलं. "म्या आंधळा झालो होतो. चूक माही पह्यली. नक्कल करू देली असती तं हे झालंच नसतं." त्यांनी ओसरीकडं वळून बाड पुढं केलं. "कडूबा, नक्कल अथीच बसून पुरी कर, माह्या डोळ्यापुढं. शाई माही."

जमादार आले तेव्हा गाव पंगतीला बसलं होतं. "चोर कुठाय?"

"बाड भेटलं, साहेब," पाटील म्हणाले. "घरचंच होतं, घरातच निघालं. तक्रार म्या परत घेतो. पानावर बसा, काला घ्या."

जमादारांनी पेटीकडं पाहिलं, बाडाकडं पाहिलं, मग सुभद्राबाईंच्या लाडवांकडं पाहिलं, आणि पट्टा सैल करून बसले.

नक्कल माघात पुरी झाली. बाड नागपूरला गेलं आणि नागपूरहून परतही आलं. पाडव्याला रज्जाकनं पेटीला नवी पट्टी लावली. पाण्यातून काढलेली रिपीट त्यानं चिमट्यात धरली आणि हाक मारली, "कडूबा, हातोडा घे. घंटाभर नरम हाय, पण आपल्याले एवढा वेळ नको."

कडूबानं ठोकली. ठोकलेली बाजू मसुरीच्या दाण्यासारखी गोल बसली. रज्जाकनं तिच्यावरून अंगठा फिरवला, आणि पौषापासून पहिल्यांदा तो त्याच्याकडं पाहून हसला.

तर मायबाप श्रोतेहो, ती पेटी अजून न गंजता मठात आहे, आणि तुपाच्या कणीचा दृष्टांत आता वऱ्हाडात कितीतरी जण सांगतात. सांगताना बुवांचं नाव घेतात, ते योग्यच आहे. एवढंच मागणं आहे: पुढं कधी तुमच्या कानावर तो आला, तर बुवांच्या नावामागोमाग, मनातल्या मनात का होईना, आमच्या सुभद्राबाईंची आठवण करा.